नवी दुर्बीण, सोसायटीची गच्ची आणि आत नुसता अंधार: स्क्रूला हात लावण्याआधी काय तपासाल

ही माहिती पहिल्यावहिल्या छोट्या दुर्बिणींसाठी आहे. म्हणजे ७० मिमी भिंगाची, ७०० किंवा ९०० मिमी फोकल लेंथची (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) लांब नळी, नाहीतर ७६ किंवा ११४ मिमी आरशाची. ठाण्यात किंवा नवी मुंबईत गच्चीवर, रो-हाउसच्या अंगणात, बाल्कनीत लावलेली. दिवाळी उलटून आभाळ मोकळं झालं की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात आणि तक्रारी याच असतात:

- डोळा लावला की मिट्ट काळोख. चंद्र समोर लख्ख आहे, तरी आत काही नाही.
- उजेड दिसतो, पण धूसर. चाक कितीही फिरवलं तरी ताऱ्याचा ठिपका होत नाही, उलट मधे भोक असलेली चकती दिसते.
- सापडलेला ग्रह हात लागताच थरथरतो आणि बघता बघता बाहेर निघून जातो.
- सुरुवातीला छान दिसत होतं, थोड्या वेळात सगळं दुधाळ झालं.
- चंद्र झकास, बाकी आकाशात मात्र काही म्हणजे काही नाही.
- चित्र उलटं दिसतं.

शेवटची तक्रार आधी निकालात काढू. आरशाच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं असतं, भिंगाच्या दुर्बिणीत डायगोनल (काटकोनात वळलेला आरशाचा तुकडा) लावला की वर-खाली बरोबर पण डावं-उजवं उलटं असतं. सगळ्यांना असंच दिसतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

बाकी काहीही होत असलं तरी पेटीत आलेला छोटा स्क्रू ड्रायव्हर आज कपाटातच राहू द्या. माझ्याकडे येणाऱ्या दुर्बिणींत मुळातून बिघडलेल्या क्वचित असतात, दुरुस्त करायला जाऊन बिघडवलेल्या जास्त. खरा घोटाळा बहुतेक वेळा नळीच्या बाहेर असतो: नेम धरण्यात, जागेत, हवेत किंवा बघणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो. मधली पायरी गाळू नका, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की नेमकी कशाने अडचण सुटली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टोपणं, आयपीस आणि पेटीवरचा मोठा आकडा

टोपण. हसू नका. पुढच्या मोठ्या टोपणाच्या मधोमध बऱ्याचदा एक छोटं टोपण असतं आणि लोक तेवढंच काढतात. त्या भोकातून येणारा उजेड चंद्राला पुरतो, ताऱ्यांना पुरत नाही. ‘फक्त चंद्र दिसतो’ ही तक्रार कित्येकदा इथेच संपते. अख्खं टोपण काढा. आयपीसच्या (डोळा लावायचं छोटं भिंग) आणि डायगोनलच्या तोंडांना वेगळी टोपणं असतात, तीही काढा. लाल ठिपक्याचा फाइंडर (नेम धरायला नळीवर बसवलेलं छोटं साधन) असेल तर बॅटरीला लागून एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी येते. ती ओढून काढल्याशिवाय ठिपका पेटत नाही.

आता आयपीस. त्यावर २५, २०, १०, ४ असे आकडे असतात. मोठं चित्र हवं म्हणून सगळे आधी ४ चा उचलतात आणि तिथेच रात्र वाया जाते. नळीच्या फोकल लेंथला आयपीसच्या आकड्याने भागलं की किती पट मोठं दिसणार ते मिळतं. ७०० मिमीच्या नळीला २५ चा लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट, ४ चा लावला तर १७५ पट. त्यात ३ पटीचा बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी घालायचं चित्र आणखी मोठं करणारं भिंग, घातला की ५२५. पेटीवर ठळक छापलेला आकडा हाच. पण दुर्बीण किती मोठं करून दाखवू शकते हे शेवटी पुढच्या भिंगाच्या व्यासावर ठरतं. ढोबळ हिशोब दर मिलिमीटरला २ पट, म्हणजे ७० मिमीला १४० पट, आणि तीही हवा अगदी स्थिर असेल तेव्हा. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण काळवंडतं आणि पसरतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. २८ पटीला आकाशाचा साधारण पावणेदोन अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे शेजारी शेजारी तीन पूर्णचंद्र मावतील एवढा. १७५ पटीला एक अख्खा चंद्रही मावत नाही. एवढ्याशा खिडकीतून गुरू शोधायचा म्हणजे नशिबाचा खेळ. तेव्हा पहिल्या आठवड्यात फक्त २५ किंवा २० चा आयपीस वापरा आणि बार्लो डब्यात ठेवा. वस्तू सापडली, मधोमध आली, ठसठशीत झाली, की मगच १० चा.

भिंगाच्या दुर्बिणीत डायगोनल लावलाच पाहिजे. त्याच्याशिवाय आयपीस हवा तेवढा मागे जात नाही आणि फोकस येत नाही. आरशाच्या दुर्बिणीत नेमकं उलट: चित्र सरळ करणारा प्रिझम मधे घातला की बहुतेक छोट्या दुर्बिणींत फोकस हाताबाहेर जातो. तो काढून थेट आयपीस लावा.

फाइंडर दिवसाढवळ्या जुळवा

मिट्ट काळोखाच्या तक्रारीवर मला सापडलेलं सगळ्यात खात्रीचं औषध हेच. फाइंडर आणि नळी एकाच ठिकाणी बघत नसतील तर फाइंडरमध्ये चंद्र बरोबर मधोमध असतो आणि नळी त्याच्या शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे रोखलेली असते. रात्री अंधारात, स्क्रू दिसत नाहीत, पोरं ‘मला बघू दे’ करत रांगेत उभी, अशा वेळी हे जुळवायला जाऊ नका.

दुपार कलल्यावर गच्चीवर जा. सूर्य पाठीमागे असेल अशीच दिशा निवडा. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही, आणि नळी उघडी ठेवून खाली जायचं नाही, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना काहीही जाणवत नाही. पेटीत आयपीसला खालून बसवायचा ‘सन’ लिहिलेला गडद काचेचा तुकडा आला असेल तर तो कचऱ्यात टाका. भिंगाने एकवटलेली सगळी उष्णता त्या काचेवर पडते आणि ती बघता बघता तडकू शकते.

आता किमान अर्धा-एक किलोमीटर लांबची, न हलणारी खूण शोधा. घोडबंदर रोडच्या बाजूला राहत असाल तर समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा किंवा तडितरक्षकाची सळई, कळवा-ऐरोलीकडे असाल तर हाय टेन्शनच्या मनोऱ्याचं टोक, बेलापूर-नेरूळला पारसिकच्या डोंगरावरचा मोबाइल टॉवर. जवळची खिडकी चालत नाही, कारण फाइंडर आणि नळी यांच्यातलं काही सेंटिमीटरचं अंतर जवळच्या वस्तूवर फरक पाडतं, लांबच्या वस्तूवर पाडत नाही. शिवाय लोकांच्या खिडक्यांकडे दुर्बीण रोखली की संध्याकाळपर्यंत सोसायटीत तक्रार जाते, हा भाग वेगळा.

आधी फाइंडर विसरा. २५ चा आयपीस लावून नळीवरून नजर टाकत ती खूण नळीतच पकडा, मधोमध आणा, ट्रायपॉडची कळ घट्ट करा. कळ आवळताना नळी जराशी सरकते, म्हणून पुन्हा बघा. मग नळीला धक्का न लावता फाइंडरचे छोटे स्क्रू फिरवून त्याची फुली किंवा लाल ठिपका त्याच टोकावर आणा. एक सैल केल्याशिवाय समोरचा घट्ट होत नाही, जोर लावून प्लास्टिक मोडू नका. शेवटी १० चा आयपीस लावून हेच परत करा. फाइंडरचा पाय नळीवर ढिला बसत असेल तर हे जुळवणं रोज बिघडेल. आधी तो घट्ट करा.

या दुपारच्या कामाचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. मनोऱ्यावरच्या तारा, टॉवरचे नटबोल्ट, लांबच्या इमारतीवरच्या पाटीची अक्षरं २८ पटीला स्वच्छ, काठ धरून दिसली, की तुमची भिंगं, आरसे, फोकसर (फोकसचं चाक असलेला भाग) सगळं ठीक आहे, निदान नवख्याच्या कामाला पुरेल इतकं. मग रात्री काय बिघडतं ते नळीबाहेर शोधायचं. दिवसाही धूसरच दिसत असेल तर फोकस, भिंग आणि आरसा यांच्याबद्दलचे भाग आधी वाचा.

फोकस

फोकस बाहेर गेला की तारा पसरतो आणि पसरला की मंद होतो. मंद तारा तर पार नाहीसाच होतो, त्यामुळे धूसर दिसतंय असं न वाटता ‘काहीच नाही’ असं वाटतं. म्हणून सुरुवात चंद्रावर किंवा दिवसाच्या खुणेवर करा. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. मधे कुठेतरी चित्र लहान, ठळक होऊन परत पसरेल. ती मधली जागा तुमची. आयपीस बदलला की ती थोडी सरकते.

आरशाच्या दुर्बिणीत मधे भोक असलेली चकती दिसते ती फोकस न झालेल्या ताऱ्याची. भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली. चकती लहान होत जाईल त्या बाजूला चाक फिरवत राहा.

चाक टोकाला पोचलं तरी चित्र अजून सुधारत असेल तर एक फुकटची चाचणी करा. आयपीसचा स्क्रू सैल करून आयपीस हाताने हळूहळू दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढा. चित्र ठसठशीत झालं तर आयपीस आणखी मागे बसायला हवा आहे, म्हणजे डायगोनल किंवा जोडनळी राहिली आहे. बाहेर ओढल्यावर आणखी बिघडलं तर मधे काहीतरी जास्तीचं लागलं आहे, आरशाच्या दुर्बिणीत बहुधा तो चित्र सरळ करणारा प्रिझम.

चाक फिरतं पण नळी हलतच नसेल तर फोकसरच्या वरच्या किंवा खालच्या बाजूचा अडकवण्याचा स्क्रू आवळलेला असतो. तो सैल करा. तरी कडकड आवाज करत जागच्या जागी फिरत असेल तर आतले दाते झिजलेत. त्याबद्दल शेवटी.

जागा: काच, एसी आणि गच्चीचा स्लॅब

बंद खिडकीच्या काचेतून बघत असाल तर पुढचं वाचण्याआधी बाहेर या. खिडकीची काच डोळ्याला स्वच्छ वाटली तरी तिचे दोन्ही पृष्ठभाग दुर्बिणीच्या भिंगाइतके नेमके नसतात आणि तो दोष ७० पटीने मोठा होऊन डोळ्यात येतो. खिडकी नुसती उघडली तरी पुरत नाही, घरातली आणि बाहेरची हवा चौकटीत मिसळत राहते आणि चित्र उकळतं. बाल्कनी चालेल, पण खालच्या मजल्यावरच्या एसीचं बाहेरचं युनिट तुमच्या खाली असेल तर त्याची गरम हवा नेमकी तुमच्या समोरून वर जाते.

गच्ची उत्तम, पण गच्चीलाही तिच्या खोडी आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत असतो. कठड्याला खेटून उभं राहू नका, भिंतीची गरम हवा तिथूनच वर चढते. पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड घातलेली असेल तर पत्र्याच्या कडेवरून बघणं टाळा. पाण्याच्या टाकीचा पंप आणि लिफ्टची मशीन रूम यांच्यापासून लांब. कुणी लिफ्ट बोलावली की स्लॅबमधून येणारी कंपनं आयपीसमध्ये दिसतात आणि माणूस उगाच ट्रायपॉडला शिव्या घालतो. सोसायटीचा पांढरा फ्लडलाइट नळीच्या तोंडावर तिरपा पडत असेल तर आकाश राखाडी दिसतं. सेक्रेटरींना विचारून तासभर तो दिवा बंद करून घ्या. नाहीच झालं तर टाकीच्या सावलीत उभे राहा आणि डोक्यावरून काळी ओढणी घ्या.

एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर नेणं हा आपल्याकडचा खास घोटाळा. गार भिंगावर दमट हवेचं पाणी जमतं, पुसलं की परत जमतं. नळीला टोपणं लावूनच वर न्या आणि अर्धा तास तशीच ठेवा. बाहेरच्या तापमानाला आली की उघडा. आरशाच्या नळीला हा अर्धा तास तसाही लागतोच, आतली हवा निवेपर्यंत चित्र वळवळत राहतं.

काय बघताय, कधी बघताय

पौर्णिमेला दुर्बीण लावणारे फार. त्या दिवशी सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नसतात, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं. डोळ्याला अपाय होत नाही, पण बघण्यासारखंही फार नसतं. कालनिर्णय काढा आणि शुक्ल पंचमी ते दशमी गाठा. अष्टमीला सूर्यास्ताच्या सुमारास चंद्र बऱ्यापैकी डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं लांबलचक सावल्यांमुळे उठून दिसतात. दशमीच्या आसपास कोपर्निकस विवर बघा, त्याच्या आतल्या पायऱ्या पायऱ्यांच्या भिंती ७० पटीला दिसतात.

कुठलीही वस्तू क्षितिजापासून ३० अंशांच्या वर येऊ द्या. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, तर तीन मुठी. तीस अंशांवर तिचा उजेड डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो, त्याखाली आणखी जास्त, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे खाडीवरचं धुरकं नेमकं त्याच पट्ट्यात असतं. त्या रात्री तारे नुसत्या डोळ्यांना फार लुकलुकत असतील तर हवा अस्थिर आहे. २५ चा आयपीस लावून चंद्र बघा आणि झोपा.

ग्रह लहानच दिसतात. गुरूची चकती साधारण ४० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ती ७० पटीला नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राहूनही मोठी होते. तरी काळ्या मोठ्या गोलात ती वाटाण्याएवढी भासते, कारण शेजारी तुलनेला काही नसतं. पाच मिनिटं बघत राहा, पट्टे हळूहळू उमटतात. चार चंद्र मात्र पहिल्या नजरेत दिसायला हवेत. गॅलिलिओने १६१० साली ते बघितले ते जेमतेम २० पटीच्या दुर्बिणीतून, तुमची त्याहून सरस आहे. तारे कितीही पटीला ठिपकेच राहतात, त्यांची चकती दिसली तर फोकस चुकला.

शनीबद्दल २०२५ मध्ये फार विचारणा झाली. ‘काका, कडं गळून पडलं का हो?’ असं वरच्या मजल्यावरच्या पोराने विचारलं तेव्हा दुर्बीण ठणठणीत होती. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली, त्यामुळे त्या वर्षभर कडी बारीक रेघेसारखी दिसत होती. असं साधारण दर १५ वर्षांनी होतं. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

धूसर वस्तूंचं दुखणं वेगळं, त्याला आपल्या गावात औषध नाही. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या उजेडात देवयानी दीर्घिका म्हणजे फार तर एक डाग, तोही शंकास्पद. रंगीत फोटोंमध्ये दिसतं तसं डोळ्याला कुठल्याच छोट्या दुर्बिणीतून दिसत नाही, कारण मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. इथून जे हमखास दिसतं तेवढं धरा: कृत्तिका (२५ चा आयपीस, याहून लहान नको), मृगातल्या बाणाच्या खालचा तेजोमेघ, उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षीतला वसिष्ठ. वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसते, पण दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठाचेही दोन तारे होतात. १० च्या आयपीसला ते दोन सुटे दिसले की तुमची दुर्बीण उत्तम आहे असं समजा. त्यापलीकडचं बघायचं तर अंधार गाठावा लागतो. खगोल मंडळाचे वांगणीला होणारे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम त्यासाठीच असतात.

थरथरतं, पळून जातं

पळून जातं ते पृथ्वी फिरते म्हणून. २८ पटीला साधारण सात मिनिटांत वस्तू दृश्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाते, ७० पटीला तीनेक मिनिटांत, १७५ पटीला मिनिटभरात. वस्तू कडेला ठेवून मधून जाऊ द्यायची आणि मग नळी सरकवायची, हाच रिवाज.

थरथर मात्र कमी करता येते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा. मधल्या ताटलीखाली पाण्याच्या दोन बाटल्या भरलेली पिशवी टांगा. गच्चीच्या चायना मोझॅकला उतार असतो, पायांची लांबी त्याप्रमाणे कमी-जास्त करा. फोकस केल्यावर हात काढून तीन-चार सेकंद थांबा.

वजन लावलेला तिरका माउंट (ट्रायपॉडवर नळी धरणारा भाग) असेल तर आणखी एक बघा. त्याच्या अक्षांशाच्या पट्टीवर कारखान्यातून भलताच आकडा येतो. आपल्याकडे तो १९ हवा आणि अक्ष उत्तरेकडे. ध्रुवतारा इथून क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो, समोरची इमारत त्याला सहज झाकते, म्हणून दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घेतली तरी नवख्याला पुरते. पट्टी चुकीची असेल तर कळ कितीही फिरवा, ग्रह तिरपा निसटत राहतो. या माउंटने फारच छळलं तर त्यात नवख्याचा काही दोष नाही. माझ्या मते पहिल्या दुर्बिणीला तो देऊच नये.

डोळा

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसच्या चाकाने भरून निघतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चष्मा लावूनच, ते चाकाला जमत नाही. तारा एका बाजूला ओढल्यासारखा दिसत असेल तर डोकं तिरकं करून बघा. रेघ डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्यात, आयपीस फिरवल्यावर फिरली तर आयपीसमध्ये.

४ च्या आयपीसमध्ये तरंगणारे धागे, ठिपके दिसतात आणि लोक भिंगाला बुरशी लागली म्हणून घाबरतात. नजर हलवल्यावर ते मागोमाग सरकत असतील तर ते तुमच्या डोळ्यातलेच आहेत, बारीक प्रकाशझोतात ते उठून दिसतात एवढंच.

दव, धूळ, बुरशी

इथून पुढे थोडे पैसे लागतात. काळ्या चार्ट पेपरची सुरळी करून नळीच्या तोंडाला एक वीतभर पुढे येईल अशी लावा, दव बरंचसं थांबतं. तरी भिंगावर पाणी जमलंच तर रुमालाने पुसू नका. खाली आणा, पंख्याखाली उघडं ठेवा, पूर्ण सुकल्यावरच टोपण. ओली दुर्बीण बंद करून ठेवली की बुरशीला निमंत्रण.

टॉर्च मारून बघितल्यावर दिसणारी धूळ चित्र बिघडवत नाही, ती राहू द्या. फार झाली तर रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. खिडक्या पुसायचं द्रावण, साडीचा पदर, टिश्यू पेपर यांपैकी काहीही भिंगाला लावू नका. आरसा तर पुसूच नका, त्याचा अॅल्युमिनियमचा थर काचेच्या वर उघडाच असतो आणि एका पुसण्यात ओरखडे पडतात.

जून ते सप्टेंबर दुर्बीण वापरात नसते आणि याच महिन्यांत ती खराब होते. आयपीस आणि डायगोनल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नळीच्या दोन्ही तोंडांना टोपणं आणि आत एक पुडी. निळी सिलिका गुलाबी झाली की तिने पाणी प्यायलं, ती सुकवून किंवा बदलून घ्यायची. सुकवताना स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

आरसा जुळवणं, आणि तेही फक्त आरशाच्या दुर्बिणीत

वरचं सगळं झालं, दिवसाही चित्र मऊच राहतं, तर हे. डोक्याजवळचा एखादा ठळक तारा १० च्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि फोकस किंचित बिघडवा. चकतीतली काळी सावली बरोबर मध्यावर असेल तर आरसे जुळलेले आहेत, काहीही करू नका. एका बाजूला कललेली असेल तर नळीच्या मागच्या तीन स्क्रूंपैकी एक पाव वळसा फिरवा, तारा परत मधोमध आणा, बघा. सुधारलं तर पुढे, बिघडलं तर तेवढाच वळसा उलट. एका वेळी एकच स्क्रू. शेजारी दुसरे तीन असतील तर ते आरसा जागेवर दाबून धरणारे असतात, ते आधी किंचित सैल करावे लागतात. पुढच्या छोट्या आरशाला हात लावू नका.

नळी आखूड, पण आकडा ११४/१००० असेल तर फोकसरच्या आत आणखी एक भिंग असतं. या जातीची जुळवणी घरी नीट होत नाही.

भिंगाच्या दुर्बिणीत तुम्ही जुळवायचं असं काही नसतं. पुढची रिंग उघडून आतली दोन भिंगं वेगळी केली आणि एक जरी उलटं बसलं तर ती दुर्बीण पुन्हा नीट फोकस होत नाही. ‘साफ करायला उघडली होती’ हे वाक्य ऐकलं की मला पुढचं कळतं.

इथे थांबा

भिंगाच्या आतल्या बाजूला फाटे फुटलेले बारीक तंतू दिसले, आरशाचा थर उडून पाठची काच दिसायला लागली, फोकसरचे दाते झिजले, किंवा कुणीतरी आधीच भिंगं उघडून ठेवली असतील, तर घरी पुढे जाऊ नका. बुरशी भिंगाच्या थरात जसजशी खोल जाते तसतसा डाग कायमचा होतो, म्हणून यात महिने घालवू नका. वॉरंटी असेल तर आधी विक्रेत्याशी बोला, स्क्रू उघडलेले दिसले की ते हात वर करतात. नसेल तर कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करणारे कारागीर हे काम जाणतात. फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे विचारा. खर्चाचा अंदाज आधी घ्या. छोट्या दुर्बिणीत आयपीस किंवा डायगोनल खराब झाला असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा घेणं स्वस्त पडतं, आणि ४ चा आयपीस तर दुरुस्त करून घेऊच नका. दाखवायला नेताना नळी, डायगोनल, सगळे आयपीस आणि दिवसाच्या तपासणीत काय दिसलं ते लिहिलेला कागद असं सगळं बरोबर न्या.

डोळ्याच्या बाबतीत मात्र दुर्बीणवाल्याला विचारत बसू नका. चुकून सूर्याकडे बघितलं गेलं असेल, किंवा डोळ्यासमोर अचानक भरपूर नवे ठिपके, विजेसारख्या चमका, एखाद्या बाजूला पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दुखत नसलं तरी.